सुनेचं औषध

विनिता सावंतचं दुखणं चिकनगुन्यापासून सुरू झालं. ताप आठवड्यात उतरला. सांधे महिनाभर धरले, मग तेही सुटल्यासारखे वाटले, आणि त्यानंतर सगळं अंगच दुखायला लागलं. आज मान, तर उद्या मांड्या, परवा नुसते तळहात. सकाळी उठावं तर कोणीतरी रात्रभर बडवून काढल्यासारखं. या गोष्टीला तीन वर्षं झाली होती.

डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर राहायची. नवरा संदेश मात्र लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत. दिवसभर घोडबंदर रोडच्या टॉवरांमधल्या लिफ्ट चालू ठेवायचा आणि संध्याकाळी घरी जिने चढून यायचा. मुलगी संचिता पुण्याला शिकत होती. घरात तिसरी व्यक्ती म्हणजे सासू, कलावतीबाई. संगमेश्वरच्या, सत्तरी ओलांडलेल्या, अजूनही नारळ स्वतः सोलून फोडणाऱ्या.

विनिता एका वाचनालयात कामाला होती. परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची. आधी वरचा कप्पा जमेनासा झाला, मग मधला. शेवटी तिला नोंदीच्या टेबलावर बसवलं, आणि मग बसणंही जमेना तेव्हा ती बिनपगारी रजेवर घरी आली.

डॉक्टर बरेच झाले. रक्त तपासलं, एमआरआय झाला, सगळं नॉर्मल. एकाने कॅल्शियम दिलं, एकाने "टेन्शन घेऊ नका" असं सांगितलं. नॉर्मल हा शब्द घरी सासूबाईंना फार पटला. "रिपोर्टात काय नाय म्हणतात ना? मग झालं तर," असं म्हणून त्या पोळ्यांचा तवा जरा जोरात आपटायच्या. शेवटी ठाण्यातल्या एका संधिवाताच्या डॉक्टरांनी तिचे खांदे, मान, कोपरं दाबून पाहिली, ती कळवळली तिथे थांबले, आणि फायब्रोमायाल्जिया हे नाव सांगितलं. नाव मिळालं त्या दिवशी विनिता स्टेशनच्या बाकावर बसून रडली. आपण खोटं बोलत नव्हतो, एवढंच तिला वाटलं.

पण नावाने दुखणं थांबत नाही. पहिल्या औषधाने ती दिवसभर गुंगीत राहायला लागली, पाय सुजले. दुसऱ्याने पोटात काही ठरेना. तेव्हा संचिताने तिला याच आजाराच्या लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. विनिताने एका दुपारी पडल्या पडल्या लिहिलं, "दोन्ही औषधं सोसली नाहीत. कामावर परत जायचं आहे. कोणाला कशाने बरं वाटलं, सांगाल का?"

उत्तरं आली. कोणी सैंधव मीठ घालून गरम पाण्यात बसायला सांगितलं, कोणी गहू सोडायला, कोणी नामस्मरण. आणि मग एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी नीला कर्णिक. ग्रुपवर तुमचा मेसेज वाचला. आत्ता बसला आहात की आडव्या आहात?"

"आडवी आहे," विनिता म्हणाली.

"मग उठू नका. मीही आडवीच आहे."

नीलाताई ठाण्याच्या. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेल्या, आजारपणामुळे लवकर निवृत्त झालेल्या. चौदा वर्षं त्या हे दुखणं बाळगून होत्या. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं सुरू झालं, नीलाताई तिला तू म्हणायला लागल्या. नीलाताई धीर वगैरे देत नसत. कामाचं तेवढं सांगत.

"बरा दिवस आला की तू काय करतेस?"

"राहिलेलं सगळं उरकते. चादरी, माळा, डबे."

"आणि पुढचे चार दिवस?"

"पडून काढते."

"बऱ्या दिवशीच हात आवरायचा. वाईट दिवशी शरीर आवरतंच, त्यात आपलं कर्तृत्व नाही. आणि डॉक्टरांकडे गेलीस की 'सगळं दुखतं' म्हणू नकोस. ते वाक्य त्यांच्या कानाला सवयीचं झालेलं असतं. काय करता येत नाही ते सांग. वेणी घालताना कितव्या पेडाला हात खाली येतो, ते सांग."

विनिताने तसंच सांगितलं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. नीलाताईंनी सुचवलेल्या एका औषधाबद्दलही तिने विचारलं. मूळचं ते दारू सोडवण्यासाठी देतात, पण अगदी थोड्या मात्रेत या दुखण्यात काहींना उपयोगी पडतं. "सगळ्यांना नाही," डॉक्टर म्हणाले, "पुरावाही अजून कच्चा आहे. पण करून बघू. अडचण अशी, की एवढ्या कमी मात्रेची गोळी सहसा दुकानात मिळत नाही. बनवून घ्यावी लागते. मोठी गोळी आणून घरी तुकडे करत बसू नका."

चिठ्ठी घेऊन ती आधी इमारतीखालच्या मेडिकलमध्ये गेली. कुठे बनवून मिळेल ते तिथे ठाऊक असेल, असा तिचा अंदाज. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणायचा म्हणून आणला, पण शेजारी उभ्या दोघांना ऐकू गेलाच.

"वहिनी, हे तर दारू सोडवायचं औषध आहे. संदेशभाऊंसाठी का?"

विनिताच्या पोटऱ्या ठणकत होत्या. नाही म्हणायचं, मग कोणासाठी ते सांगायचं, मग तो आजार काय ते सांगायचं, मग "पण तुम्ही तर चांगल्या दिसता" हे ऐकायचं. एवढं बोलण्याची ताकद तिच्यात नव्हती. तिने चिठ्ठी परत घेतली आणि कठड्याला धरून जिना चढायला लागली.

पुढचे दिवस फोनवर गेले. ठाण्यातली एक फार्मसी पूर्वी ते बनवायची, आता बंद केलं होतं. कल्याणच्या एकाने होकार दिला, मग कच्चा माल मिळत नाही म्हणून नकार. मुंबईतली एक फार्मसी तयार होती, पण त्यांना डॉक्टरांचा थेट मेल हवा, आणि डॉक्टर परिषदेला परगावी गेलेले. एकीकडे विनिता, दुसरीकडे नीलाताई, दोघी पडल्या पडल्या फोन लावत. संध्याकाळी एकमेकींना सांगत, आज कुठे काय म्हणाले.

असा महिना गेल्यावर विनिताने ठरवलं, की भेटायचं. रविवारी संदेशने तिला रिक्षाने, मग टॅक्सीने घोडबंदर रोडला सोडलं. नीलाताईंचं घर अकराव्या मजल्यावर. दार त्यांचे पती सुधीर यांनी उघडलं आणि थेट आतल्या खोलीत नेलं. मोठ्या पलंगावर नीलाताई पडून होत्या, विनिताला वाटलं होतं त्यापेक्षा खूप बारीक.

"ये. पाहुणी म्हणून खुर्चीवर बसू नकोस, त्रास होईल. इथे पड."

विनिता संकोचली, पण पडली. दोघी छताकडे बघत बोलत राहिल्या. सुधीरनी चहा आणून दिला आणि पंखा बंद करून गेले. वाराही अंगाला टोचतो हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

"नीलाताई, एक मागू?" विनिता शेवटी म्हणाली. "तुमच्याकडचं ते औषध थोडं द्याल? माझं येईपर्यंत."

"माझ्याकडे नाही. मी घेत नाही आता."

"म्हणजे?"

"मला लागू पडलं नाही. वर्षभर घेतलं, मग सोडलं."

विनिता कोपरावर उठली. दुखलं, तरी उठली. "मग मला का सांगितलंत? महिनाभर फोन करतोय आपण!"

"ग्रुपवरच्या वासंतीला लागू पडलं. कळव्याची आहे, भाजीची गाडी लावते, आता पुन्हा उभी राहते. मला नाही पडलं म्हणून तुलाही पडणार नाही, असं मी कसं धरू? आधी सांगितलं असतं तर तू शोधायचाच कंटाळा केला असतास. सांगायला हवं होतं, हे खरं. पण मला कोणासाठी तरी शोधायचं होतं गं. स्वतःसाठी शोधून दमले मी."

विनिताला राग आला होता, पण तो धरून ठेवायलाही अंगात जोर लागतो. ती पुन्हा आडवी झाली. परत निघताना नीलाताईंनी तिचा हात हातात घेतला, अगदी हलका, दाब न देता.

घरी वेगळंच वाढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी संदेश कामावरून आला तो बूट न काढता दारातच उभा राहिला.

"मी दारू पितो?"

"काय?"

"खाली तळमजल्यावरच्या दौलतकाकांनी अडवलेलं मला. म्हणतात, 'सुटतं रे, माझ्या भावाची सुटली. लाज नको बाळगूस.' अर्धा तास खांद्यावर हात ठेवून बोलत होते."

विनिताने मेडिकलमधली गोष्ट सांगितली. तिला वाटलं, तो चिडेल. तो स्टुलावर बसला आणि दमल्यासारखं हसला.

"जाऊ दे. तुझं दुखणं मी याच दौलतकाकांना सांगायला गेलेलो, तर दोन मिनिटं ऐकलं नाही. दारूला अर्धा तास. लोकांना कळेल असं काहीतरी असू दे की. मला काय फरक पडतोय?"

पण हे सगळं आतून कलावतीबाईंनी ऐकलं होतं.

"फरक पडत नाय?" त्या बाहेर आल्या. "माझ्या झिलाचं नाव बेवडा म्हणून घेतात नि तू हसतोस?"

त्यांनी पदर खोचला, पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरायला लागल्या. संदेश मागे धावला. विनिताला उतरणं शक्य नव्हतं; ती खिडकीशी गेली. खाली मेडिकलसमोर संध्याकाळची गर्दी होती आणि सासूबाईंचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत खणखणीत येत होता.

"माझा पोरगा चहाशिवाय काय पीत नाय! औषध सुनेचं आहे. सून आजारी आहे माझी. तीन वर्षं अंथरुणाला खिळल्यागत झालीय, केस विंचरायला हात वर जात नाय तिचा. नाटक नाय, डॉक्टरानं नाव दिलंय आजाराला. तुम्हाला म्हायती नाय तर विचारायचं, उगाच कोणाचं नाव घ्यायचं नाय!"

दुकानदार हात जोडत होता. विनिता खिडकीचा गज धरून उभी राहिली. सासूबाईंना हे खरंच पटलंय, की मुलाचं नाव वाचवायला बोलतायत, हे तिला ठरवता येईना. मग ठरवायची गरजही वाटेना. तिने जाऊन उशीवर डोकं टेकलं.

डॉक्टर परतले, मेल गेला, औषध कुरियरने आलं. पहिले काही आठवडे विचित्र स्वप्नांशिवाय काहीच झालं नाही. नंतर हळूहळू सकाळचा जडपणा थोडा लवकर उतरायला लागला. दुखणं गेलं नाही, जरा मागे सरकून बसलं. वाचनालयाने तिला दुपारपर्यंतचं काम दिलं, टेबलावरचं, मधूनमधून पडायला आतल्या खोलीत सतरंजी. नीलाताईंना तिने हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी वेणी कितव्या पेडापर्यंत जाते ते विचारलं. मग त्या म्हणाल्या, "छान. आणि हात आवर."

एका सकाळी कलावतीबाई ताटात लसूण घेऊन तिच्या पलंगाशी येऊन बसल्या. आधी नुसत्याच सोलत राहिल्या.

"खालच्या बायका मला विचारतात," त्या म्हणाल्या, "काय होतं तुमच्या सुनेला. मला धड सांगता येत नाय. नीट सांग बघू."

विनिताने सांगितलं. वेणीचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं, पांघरूणसुद्धा अंगाला जड होतं ते सांगितलं. रात्री कूस बदलताना दात आवळून धरते, ते सांगितलं. सासूबाईंचे हात कधी थांबले ते दोघींनाही कळलं नाही.

"एवढं होतं?" त्या म्हणाल्या. "मग बोलली का नाय कधी?"

तीन वर्षांत किती वेळा बोलली होती, ते विनिताला आठवत होतं. प्रत्येक वेळ आठवत होती. पण त्यातलं काही काढून दाखवायचं तिच्या जिवावर आलं.

"आता सांगितलं ना, आई," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

सासूबाई उठल्या नाहीत. तिथेच बसून त्यांनी उरलेला लसूण सोलला.