मला भिंतीला बांधा

मी एक जुना लोखंडी रॅक आहे आणि मित्रांनो, खरं सांगतो, मी भित्रा आहे. हसू नका! सहा फूट उंच, चार खणांचा, चांगला धडधाकट गडी. तरी एक चिमुरडी दुडुदुडु खोलीत आली की माझे नटबोल्ट लटपटायला लागतात.

माझा जन्म जळगावच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. पुढे भडगावच्या बाजारपेठेत झुलालशेठच्या किराणा दुकानात मी वीस वर्षं काढली. शेठनी पहिल्याच दिवशी मला दोन हुकांनी भिंतीला जखडलं. तेलाचे डबे, गुळाच्या ढेपा खाली. पापड, बिस्किटं वर. गिऱ्हाइकं म्हणायची, "शेठ, रॅक भलता भारी शे!" मी फुशारून जायचो. मग दुकान बंद झालं. हुक भिंतीतच राहिले आणि मी दोन वर्षं गोदामात गंज खात पडलो.

तिथून मला शिल्पाताईंनी घरी आणलं. त्यांच्या नवऱ्याची, देवचंदभाऊंची, बदलीची नोकरी. दर दीड वर्षाला नवं गाव, नवी शाळा. चारही पोरं पार कंटाळून गेली. शेवटी ताईंनी ठरवलं, आता शाळा घरातच. एका खोलीत सतरंजी, फळा, नकाशा आणि मी. मला घासूनपुसून निळा रंग दिला. काय सांगू, नवरदेवासारखा दिसत होतो!

पण पुस्तकं लावताना घोळ झाला. ताईंनी खण वाटले ते पोरांच्या उंचीप्रमाणे. स्नेहल थोरली, म्हणून तिची जाडजूड पुस्तकं सगळ्यांत वर. त्याखाली संघपाल, मग प्रशील. तीन वर्षांच्या मैत्रीला तळचा खण आणि त्यात काय, तर कागदाच्या होड्या! शिवाय ही बया खडू खायची, म्हणून खडूंचा डबा थेट माझ्या माथ्यावर. सगळं ओझं डोक्याला, पाय रिकामे आणि फरशीला दाराकडे उतार.

द्रौपदा आजींनी, म्हणजे ताईंच्या सासूबाईंनी, मला हात लावून पाहिलं. "शिल्पा, हाई हालस वं माय. भितले बांधी टाक."

"आई, एवढं जड धूड कुठं पडतंय? रविवारी बघू भिंतीला बांधायचं," ताई म्हणाल्या.

रविवारला चार दिवस होते. मी जीव मुठीत धरून उभा राहिलो.

गुरुवारी ताई स्वयंपाकघरात होत्या, आजी अंगणात. थोरली तिघं गणितं सोडवत होती. मैत्रीला खडूंचा डबा दिसला. तिनं तळच्या खणावर पाय ठेवला, मग दुसऱ्यावर. माझे खण तिला शिडीच वाटले. अगं उतर, उतर गं बाई! मी आतल्या आत ओरडत होतो, पण लोखंडाला कुठलं तोंड? ती वरच्या खणाला लोंबकळली आणि माझे मागचे पाय जमिनीवरून सुटले. मी पडत होतो. त्या लेकरावरच पडत होतो!

माझा पत्रा करकरला. स्नेहलनं मान वर केली. "मैतू!" ती झेपावली आणि दोन्ही हातांनी मला वरच्या वर रेटून धरलं. जाडजूड पुस्तकं धडाधड तिच्या खांद्यावर आदळली, तरी तिनं हात सोडले नाहीत. "संघ्या, ओढ तिला!" संघपालनं मैत्रीला ओढून बाजूला घेतलं.

ताई धावत आल्या आणि पोरीला उराशी धरून मटकन खाली बसल्या. "माझंच चुकलं, आई." आजींनी तोवर अंगणातून येऊन स्नेहलबरोबर मला रेटून सरळ उभं केलं होतं. संध्याकाळपर्यंत मिस्त्रीनं मला भिंतीला पक्कं बांधलं. पुस्तकं तळाला आली, होड्या वर गेल्या.

स्नेहलचा खांदा आठवडाभर काळानिळा होता. मैत्री दुसऱ्याच दिवशी सगळं विसरली. अजूनही येते, माझ्या खणावर पाय ठेवते आणि खुदकन हसते. मी आता हलत नाही, पण माझी भीती काही जात नाही.

मित्रांनो, आज घरी गेलात की आपल्या कपाटाला, रॅकला हात लावून बघा. हलत असेल तर मोठ्यांना हाताला धरून तिथं आणा आणि तो बांधेपर्यंत सोडू नका. त्याला ओरडता येत नाही हो. तुमचं धाकटं भावंड जवळ आलं की तोही आतल्या आत असाच घाबरत असेल.