आईच्या मनगटावरचा दीड तास

"तीनला उतरेल तो! साडेतीनला इथे हजर," मी सर्जनना ठणकावून सांगितलं. "तोवर मी सही करणार नाही."

"आईंच्या हृदयाची मोठी नळी बंद होत आलीय. थांबणं जिवावर बेतेल," ते म्हणाले. "साडेतीन म्हणजे साडेतीन, पुढे एक मिनिटही नाही." आणि तरातरा निघून गेले.

खाटेवरून आई माझ्याकडे बघत होती. मी सही केली आणि काही बरंवाईट झालं, तर धाकटा भाऊ जन्मभर ऐकवेल, 'ताई, माझी वाटसुद्धा नाही बघितलीस.' ऐकवेलच तो! खोटं कशाला बोलू, मला त्याचीच धास्ती होती. दोनच्या ठोक्याला त्याचा मेसेज आला होता: उशिरा का होईना, विमान आत्ता सुटतंय, मोबाईल बंद करतोय. तिकिटावर सुटायची वेळ दोन, पोचायची तीन. म्हणजे तासाभराचा प्रवास. एवढा हिशेब शेंबडं पोरही करेल.

पावणेतीनला आमचे हे कामावरून धावत आले. मी हिशेब सांगितला, तर त्यांनी कपाळावर हात मारला.

"एक तास? अगं, दोन हजार किलोमीटर अंतर! विमान आहे की तोफेचा गोळा? तिकडची घड्याळं आपल्यापुढे दीड तास. तिकिटावर सुटायची वेळ तिकडची असते, पोचायची इकडची. अडीच तास लागतात. साडेचारशिवाय उतरत नाही तो!"

पाऊण तास मी आईला नुसतं झुलवत ठेवलं होतं. तिचे ओठ काळसर पडले होते.

"आई, माझं चुकलं गं. तो वेळेत नाही पोचत."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि मनगट वर केलं. धाकटा परदेशी गेल्यापासून तिचं घड्याळ त्याच्या वेळेवर असायचं. जीव तिकडे, काटेही तिकडचे, म्हणून आम्ही चिडवायचो. "रोज बघते मी हे. मला नाही कळणार होय?"

"मग बोलली का नाहीस? जिवाशी खेळ होता हा!" मी रडत रडत ओरडलेच.

"मला वाटलं, त्याचं निमित्त करून तुलाच थोडा वेळ हवाय. म्हटलं, घेऊ दे पोरीला."

मी सही केली. कशी केली, माझं मला माहीत. नर्सनं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि खाट ढकलत नेली.

"ते इथल्या वेळेवर लाव," दारातून आई म्हणाली. "शुद्धीवर आले की मला बघायचंय, तू किती वेळ ताटकळलीस ते."

दार बंद झालं. मी चावी ओढून काटे दीड तास मागे फिरवले. धाकटा काय म्हणेल, हे मला आता आठवतही नव्हतं. मला माझी आई हवी होती.