पारुबाईच्या शेतातला लोखंडी टोप

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी टोप आहे, आणि मी भित्रा आहे. लढाईतला टोप म्हटला की लोकांना छाती पुढे काढलेला शिपाई आठवतो. माझं तसं काही नाही. ढग गडगडला तरी माझा पत्रा आतून थरथरतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो ब्रह्मराक्षस ब्रह्मदेशापासून हिंगोली जिल्ह्यापर्यंत माझा माग काढत आला. कसा आला, तेच तुम्हाला सांगतो.

दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना एका धडधडत्या कारखान्यात माझा जन्म झाला. सपाट पत्र्याची चकती यंत्राखाली सरकवली, वरून दणका बसला आणि मी खोलगट होऊन बाहेर पडलो. मग हिरवा रंग चढला, आत कातडी पट्टी बसली, हनुवटीखाली बांधायला बंद आला. माझ्यासारखेच कितीतरी भाऊ माझ्याबरोबर गाडीत भरले. त्यांच्यातले किती घरी परतले, मला ठाऊक नाही.

मी गेलो शंकरसिंगच्या डोक्यावर. तो सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यातला. त्याच्या वाडवडिलांची लदेणी होती, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून ते मुलखोमुलखी न्यायचे. पुढे रेल्वे आली आणि तो धंदा बसला, पण ओझं लादायची कला हातात राहिली. हिंगोलीच्या बाजारात भरतीवाल्याने नेमकी तीच हेरली. परत आलास की जमीन मिळेल, असं त्याने तोंडानेच सांगितलं. शंकरसिंगला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. तो ब्रह्मदेशाच्या जंगलात गेला आणि तिथे पलटणीची खच्चरं हाकू लागला.

त्या जंगलात मला भीतीची सगळी रूपं भेटली. खच्चर ओरडलं तर शत्रूला पत्ता लागेल, म्हणून त्यांच्या गळ्याला काप देऊन आवाजच काढून घेत. जनावराचं डोकं घट्ट धरायला शंकरसिंगला उभं करत. नंतर ती खच्चरं मान ताणायची, तोंड उघडायची आणि बाहेर नुसती हवा यायची. तोफांना मी घाबरलोच, पण त्या मुक्या तोंडांना जास्त घाबरलो. एक दिवस लोखंडाची कपची येऊन माझ्या डाव्या अंगावर आदळली. मला पोचा पडला, शंकरसिंग वाचला. त्याने मला हातात घेऊन पोच्यावरून अंगठा फिरवला आणि पुन्हा डोक्यावर चढवलं.

लढाई संपल्यावर कांबळ्यात गुंडाळून त्याने मला तांड्यात आणलं. जमीन काही कुणी दिली नाही. विचारावं तर कुणाला? भरतीवाल्याचा पत्ता नव्हता, आणि थोड्याच दिवसांत निजामाचं राज्यही गेलं. शेवटी शंकरसिंगने आणि त्याच्या बायकोने, पारुबाईने, तांड्यामागचा धोंड्यांचा माळ आपल्या हातांनी साफ केला. लहान दगड माझ्यात भरभरून बांधावर टाकले. पहिल्या वर्षी तूर आली, दुसऱ्या वर्षी ज्वारी. पेरणीच्या वेळी बी माझ्यात असायचं आणि पारुबाई मला काखेत धरून नांगराच्या तासामागून चालायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले बिनभीतीचे दिवस तेवढेच.

त्या शेतात एक नवल होतं. मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गाडीच्या रुंदीची एक पट्टी शंकरसिंगने कधीच नांगरली नाही. ती लदेणीच्या बैलांची जुनी वाट होती. तांड्यात ओझ्याचा एक बैल उरला नव्हता, तरी तो म्हणायचा, "वाट मोडू नये. मागून कोण येऊन राहिलं, कुणाला ठावं?" शेजारच्या गावातले शेतकरी हसायचे. बांध कोरून हातभर जमीन वाढवणाऱ्या मुलखात हा बाबा आपलीच जमीन वाटेला सोडतो, म्हणजे काय? पण पारुबाईने ती पट्टी तशीच राखली आणि त्यांच्या मुलाने, वसरामनेही राखली.

शंकरसिंग वारला आणि माझे दिवस फिरले. पेरायला तिफण आली, बियाला पिशव्या आल्या. मी गोठ्यात गेलो. तिथे एका खुडूक कोंबडीने मला आपलं घर केलं. तुम्ही हसाल, पण मी समाधानी होतो. कोंबडीला तोफा नसतात.

मग एकोणीसशे नव्व्याण्णव साल आलं. कारगिलची लढाई नुकतीच झाली होती आणि जिथे तिथे जवानांचा जयजयकार चालला होता. गावच्या शाळेतल्या तातेराव गुरुजींना आठवलं की तांड्यात एक महायुद्धातला टोप आहे. पंधरा ऑगस्टला त्यांनी मला मागून नेलं, राखेने घासलं आणि टेबलावर लाल कापड अंथरून त्यावर मांडलं. वनखात्याचे एक साहेब पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी मला झेंडूचा हार घातला आणि म्हणाले, "या मातीतला एक वीर देशासाठी लढला. आपण त्याचे ऋणी आहोत." टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत पारुबाई डोक्यावरची ओढणी सावरत बसली होती. तिने डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, मीही फुगलो होतो. हार सुकेपर्यंत मला कशाचीच भीती वाटली नाही.

पण त्याच साहेबांच्या कचेरीतल्या नकाशात पारुबाईचं शेत हिरव्या रंगात होतं. म्हणजे जंगल. दोन-तीन वर्षांनी खात्याची माणसं माळावर आली आणि म्हणाली, हे अतिक्रमण आहे, सोडा. इथे चर खणून झाडं लावायची आहेत. वसरामने त्यांना बांध दाखवला, धोंड्यांचे ढीग दाखवले. त्यांच्यातल्या एकाने त्या न नांगरलेल्या पट्टीकडे बोट केलं. "हे बघा, गवतच गवत. शेती असती तर कुणी एवढी जमीन पडीक ठेवली असती का?" शेतातला चर कुठून न्यायचा तेही त्यांनी तिथेच ठरवलं. वाट राखली, ही त्या घराची चूक ठरली. दुसऱ्या कुणाच्या हातून ती झालीच नसती.

त्या दिवसापासून तांड्यावर भीती उतरली. जीपचा आवाज आला की बायका चुलीवरचं तसंच टाकून दारात यायच्या. शेत गेलं तर ऊसतोडीला जायचं, मुलंबाळं पाचटाच्या खोपीत वाढवायची, आणि म्हाताऱ्या आईला कुठे ठेवायचं, हेच वसरामच्या मनात घोळायचं. मी गोठ्यातून त्याचे उसासे ऐकायचो. मला जुन्या जंगलाचा वास येऊ लागला होता.

मृगाच्या आधी एका सकाळी जेसीबी आला. पुढे त्याच साहेबांची जीप, मागे पोलिसांची गाडी. वसराम धावत गोठ्यात शिरला, कोंबडीला हुसकलं आणि मला डोक्यावर चढवलं. माझ्यातला काडीकचरा त्याच्या केसांत पडला. मित्रांनो, मी किती विनवलं त्याला! नको रे बाबा, मला घालू नकोस. टोप घातलेला माणूस भांडायलाच आलाय, असं समोरच्याला वाटतं. पण लोखंडाची विनवणी कोण ऐकणार? माळावर पोचताच पोलिसांची नजर माझ्यावर गेली आणि त्यांच्या मुठी काठ्यांवर आवळल्या. वसरामने धोंडा उचलला. त्याचं बघून तांड्यातल्या आणखी गड्यांनी उचलले. ब्रह्मदेशात निदान समोरचा परका होता. इथे दोन्हीकडे आपलीच माणसं, आपलीच बोली. आता काठी पडणार, धोंडा सुटणार, आणि या वेळेला मी पुरा पडणार नाही, असं मला वाटलं.

इतक्यात काठी टेकत पारुबाई आली.

"काढ ते," ती लेकाला म्हणाली.

"याडी, तू घरी जाय." याडी म्हणजे आई. वसरामचा आवाज चिरका झाला होता. "हे आज ऐकत न्हाईत."

"काढ म्हणते ना! तुज्या बापाचं डोकं ह्यानं राखलं. तुजं राखंल का न्हाई, मला काय ठावं? तू पडलास तर ह्या शेताचं मी काय करू?"

वसरामने धोंडा टाकला, मग मला उतरवलं. पारुबाईने मला त्याच्या हातातून घेतलं, तरातरा त्या गवताळ पट्टीवर गेली, चराची खूण म्हणून ओढलेल्या चुन्याच्या फक्कीवर मला पालथं ठेवलं आणि माझ्यावर बसली.

मला वाटलं, या म्हातारीला भीती माहीतच नसावी. पण तिचं ओझं अंगावर आलं आणि मला खरं ते कळलं. तिच्या पाठीचा कणा थरथरत होता. ती थरथर माझ्या पत्र्यात उतरत होती आणि माझी तिच्यात चढत होती. आम्ही दोघं सारखेच घाबरलो होतो. तिकडून यंत्र पुढे सरकलं, त्याचा लोखंडी दातांचा जबडा वर गेला, जमीन हादरू लागली. पारुबाईने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मान ताणली. आवाज फुटला नाही. ते उघडं तोंड बघून माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, हिचाही आवाज कुणी काढून घेतला की काय!

साहेब जवळ आले. "आजी, उठा. मला वरून हुकूम आहे. उगाच काही होऊन बसेल." बोलता बोलता त्यांची नजर खाली आली. माझा डावीकडचा पोचा त्यांना दिसला. ओळखलं त्यांनी मला.

पारुबाईला त्यांची नजर कळली, आणि तिचा आवाज फुटला.

"सायेब, ह्याला तुमीच हार घातला व्हता. देशासाठी लढला म्हणले तुमी, मी तिथंच बसले व्हते. मंग मला एवढं सांगा, त्यो देश कुठून लागतो? ह्या बांधाच्या पल्याडून?"

साहेबांनी नजर जीपकडे वळवली.

"ही वाट आमी बैलायसाठी सोडली. आमच्या मालकानं ती कदी नांगरली न्हाई. मागून येणाऱ्याला वाट ठेवली, ह्यो आमचा गुन्हा व्हय? मला लई भेव वाटून राहिलं सायेब. ह्ये बघा हात. पर मी उठत न्हाई."

तिने हात पुढे केला. तेवढ्यात यंत्राची घरघर थांबली. चालवणारा वसमतकडचा एक गडी होता. तो खाली उतरून म्हणाला, "सायेब, मी बंद करून राहिलो. बसल्या माणसावर मला गाडी घालता येत न्हाई. दुसरा बघा कोणी."

त्या दिवशी दुसरा मिळाला नाही. वसरामवर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला आणि तो तारखांना जाऊ लागला. बांधाच्या बाहेर यंत्राने येतानाच खणलेला चर माझ्यापासून हाकेच्या अंतरावर अर्धवट राहिला. पारुबाई मला घरी न्यायला तयार होईना. वसरामला म्हणाली, "राहू दे तितंच. मानूस बसलंय असं वाटंल त्यायला." त्यानंतर ती रोज यायची, दिवस कलेपर्यंत माझ्यावर बसायची. तोंडाने काहीबाही पुटपुटायची. भीती कमी झाली होती असं नाही. दोघांत वाटली गेली होती, एवढंच.

पुढे जंगलात राहणाऱ्यांना हक्क देणारा नवा कायदा आला. तांड्याला वाटलं, सुटलो. पण आदिवासींच्या यादीत जमातीचं नाव नसेल तर पंचाहत्तर वर्षांचा पुरावा द्या, असं त्यात होतं. पलीकडच्या राज्यात याच लोकांच्या सोयऱ्यांना आदिवासी म्हणतात, इकडे म्हणत नाहीत. हद्द ओलांडली की माणूस बदलतो, हे माझ्यासारख्या लोखंडाच्या डोक्यात काही शिरत नाही. पाहणीला आलेल्यांनी मला उचलून बघितलं. महायुद्धातला टोप म्हणजे साठ-पासष्ट वर्षांचा. माझं वय कमी पडलं. त्यांनी मला जिथे होतो तिथे ठेवलं आणि ते गेले. अर्ज अजून कुठेतरी पडून आहे म्हणतात.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पारुबाई यायची थांबली. दोन दिवस मी वाट बघितली. तिसऱ्या दिवशी वसराम आला, डोकं भादरलेलं, आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसला. तेव्हा मला कळलं.

आता तूर हाती आली आहे, आणि मी पट्टीवर एकटाच बसलो आहे. गंजून माझ्या काठाला भोकं पडली आहेत. रस्त्यावर गाडी वाजली की मी आजही दचकतो. पण उठून जायला मला पाय नाहीत, आणि असते तरी मी गेलो नसतो.

मित्रांनो, मला तेल लावा असं मी म्हणणार नाही. कपाटात ठेवू नका, हार तर मुळीच घालू नका. तुमच्या गावाच्या कडेला, एखाद्या माळावर, एखाद्या कचेरीच्या पायरीवर, कुणी म्हातारं माणूस आपली जागा धरून बसलेलं दिसेल. ते शूर दिसेल, पण आतून ते घाबरलेलं असतं, माझ्यावर विश्वास ठेवा. त्याला उठा म्हणू नका. जमलं तर घटकाभर त्याच्या शेजारी बसा.