दिवा उजवीकडे

"दिवा उजवीकडेच बसव म्हटलं ना, मग उजवीकडेच बसव."

आई खुर्ची पुसत होती, मान वर न करता बोलली. स्टुलावर चढलेल्या पोरानं स्क्रूड्रायव्हर दातांत धरला आणि छताकडे बघितलं. गॅरेजमधून आज सुट्टी घेतली होती ती झोपा काढायला, आणि घरात त्याच्याच झोपायच्या जागेवर अभ्यासाचा कोपरा उभा राहत होता. गादी गुंडाळून कपाटावर गेली होती. तू आता बाहेरच्या खोलीत झोप, असं बाबांनी पेपरातून डोकं न काढता सांगून टाकलं होतं. ताईची परीक्षा तोंडावर आली होती, तेव्हा हे सगळं कुणासाठी ते विचारायचं कारणच नव्हतं. शाळा सोडलेल्याला कोपरा कशाला लागतो, हेही कुणी बोललं नव्हतं. त्याचं त्यानंच समजून घेतलं होतं.

अभ्यासाच्या जागी मन रमायला हवं, असं आईनं कुठंतरी ऐकलं होतं. म्हणून भिंतीला फिकट हिरवा रंग, टेबलावर कुंडी, टीव्हीची बाहेर हकालपट्टी. एवढ्यावर भागतंय कुठलं! टेबलाच्या पायांना ठोकळे लाव, खुर्चीही उंच कर. ताई जेमतेम त्याच्या खांद्याला लागायची. तिचे पाय झोपाळ्यावर बसल्यासारखे लोंबकळतील, हे त्यानं सांगून बघितलं. तुला कुणी विचारलंय, असं उत्तर मिळालं. त्यानं ठोकळे ठोकले. रागाच्या भरात उजव्या अंगठ्यावर हातोडी बसली.

आणि आता हा दिवा.

"अगं, उजव्या हातानं लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून लागतो. नाहीतर हाताची सावली पडते वहीवर. माझ्यासारख्या नापासाला कळतंय एवढं."

"तू नापास नव्हता झालास. तू सोडलीस," आई म्हणाली. "बसव."

त्यानं बसवला. स्क्रू असे आवळले की भिंतीचा पोपडा उडाला.

तेवढ्यात ताई पाण्याची बाटली भरायला आत आली.

"या बाईसाहेब, सिंहासन तयार आहे."

"मी कशाला बसू? मला माझी लायब्ररी बरी. इथं तुमच्या दोघांच्या भांडणात कसला अभ्यास होतोय!"

हातातलं पेन टेबलावर टाकून तिनं बाटली भरली आणि गेलीसुद्धा.

आई कुंडीतल्या मातीला बोट लावून बघत होती. माती ओली होती, तरी बघत होती.

उजेड कसा पडतो ते बघायला तो खुर्चीत टेकला. पाय जमिनीला नीट लागले. गुडघे कुठं अडले नाहीत. त्यानं ताईचं पेन नेहमीसारखं डाव्या हातात घेतलं आणि दिव्याच्या रिकाम्या खोक्यावर उगाच एक रेघ ओढली. मग आणखी एक.

सावली कुठंच नव्हती.

"अंगठा दाखव बघू," आई म्हणाली.

"काही नाही झालं." तो उठला. पेन खाली ठेवायचं राहून गेलं. "गॅरेजला जायचंय मला. निघतो आता."