एकशे सतरा नंबरची मुलाखत

संगणकानं चारशे बारा घरांतून साठ घरं निवडली. त्या यादीत एकशे सतरा नंबरचं घर होतं. शिल्पानं यादी दोनदा वाचली आणि उठून धम्मानंद सरांच्या टेबलाशी गेली.

"सर, हे आमचं घर आहे."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग? काढून टाकायचं म्हणतेस?"

"नाही. निघालं ते निघालं. फक्त मी तिथं प्रश्न विचारायला जाणार नाही."

"तू तशीही जाणार नव्हतीस," सर म्हणाले. "तुझं काम दगडामातीचं. माणसांकडं विशाखा जाईल."

नांदेडच्या विद्यापीठात तीन विभागांनी मिळून हा प्रकल्प घेतला होता. त्र्याण्णवच्या भूकंपात औसा तालुक्यातलं एक गाव भुईसपाट झालं आणि दीड किलोमीटरवर नव्यानं वसवलं गेलं. तीस वर्षांनंतर ती जमीन आणि ती माणसं कशी आहेत, हा विषय. भूशास्त्राचे लोक जमिनीची थरथर आणि बोअरच्या पाण्याची पातळी मोजणार, आरोग्याचे लोक रक्तदाब, साखर, झोप तपासणार, आणि समाजशास्त्राची विशाखा लोकांना बोलतं करणार. विशाखा मूळची उमरीची. ती आणि शिल्पा चार वर्षं विद्यापीठाजवळ एकाच खोलीत राहत होत्या. एकीच्या डब्यातलं लोणचं दुसरीनं संपवावं इतकी मैत्री.

शिल्पाच्या गावाला अशा मंडळींची सवय होती. तिला कळू लागल्यापासून कुणी ना कुणी येतच असे. जमिनीत खोल भोक पाडणारे आले, तेव्हा तिचे आप्पा, सिद्धराम, त्यांच्याकडं वर्षभर मजुरीला होते. यंत्रानं वर काढलेला काळ्या दगडाचा एक गोल तुकडा त्यांनी मागून घरी आणला. अव्वा, म्हणजे तिची आई, त्यावर लसूण ठेचायची. मग सिमेंटच्या खोल्यांना माणसं घर म्हणतात का, हे बघणारे आले. झोपेत दचकता का, हे विचारणारे आले. शेजारच्या केवळाबाई तर दारात फाइल दिसली की आधीच विचारायच्या, "तुमी रक्त नेणारे का नुसते इचारणारे?"

शिल्पाचा जन्म शहाण्णवचा, नव्या गावातला. तिच्या आधीची दोन लेकरं, सहा वर्षांची महानंदा आणि तीन वर्षांचा बसू, जुन्या घराखाली गेली. हे तिला शाळेत दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. घरात त्या दोघांची नावं निघत नसत. फोटोही नव्हता, होता तो घराबरोबर गेला. लहानपणी शिल्पा मैत्रिणींच्या थोरल्या बहिणींकडं टक लावून बघायची. त्या धाकटीची वेणी कशी घालतात, कशा खेकसतात, खाऊतला अर्धा वाटा कसा लपवून ठेवतात. सात वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी आपण आपल्या ताईपेक्षा मोठ्या झालो, हे तिच्या ध्यानात आलं आणि नवा फ्रॉक तिला अंगाला टोचायला लागला.

बारावीनंतर सगळ्यांनी डी.एड. कर म्हणून सांगितलं. तिनं भूशास्त्र घेतलं. जमिनीनं असं का केलं ते जमिनीलाच विचारावं, असं तेव्हा वाटलं होतं. आता लाटा कुठल्या खडकातून किती वेगानं जातात हे तिला तोंडपाठ होतं. अव्वा मात्र अजून कळत नव्हती.

जानेवारीत तिन्ही विभागांची माणसं गावात उतरली. शिल्पानं शाळेच्या मैदानात खड्डा खणून यंत्र ठेवलं. विशाखा अकरा वाजता एकशे सतरा नंबरात शिरली. प्रश्नावली चाळीस मिनिटांची होती. बारा वाजले, एक वाजला. आप्पा मैदानाकडं आले आणि लिंबाखाली बसले.

"तुमी भाईर कसे?" शिल्पानं विचारलं.

"तुझ्या मैतरणीनं काढलं. एकटीशी बोलायचंय म्हणे." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एवढं काय बोलायलीय ही? माझ्याशी तर मीठ कमी का जास्त, एवढंच बोलते."

दोनच्या सुमाराला विशाखा आली ती सरळ नळावर गेली. बराच वेळ तिनं तोंडावर पाणी मारलं. शिल्पा मागं जाऊन उभी राहिली.

"काय बोलली अव्वा?"

"इचारू नको, शिल्पा."

"एवढंच सांग. महानंदाचं नाव घेतलं का?"

विशाखानं ओढणीनं तोंड पुसलं. "मी सही करून दिलीय त्यांना. कुणाला सांगणार न्हाई. आणि तुला तर मुळीच न्हाई, हे त्यांनी मुद्दाम म्हणून घेतलंय माझ्याकडून."

शिल्पाला आधी राग आला, मग रागही धड टिकेना. चार वर्षं आपल्या शेजारी झोपणाऱ्या मुलीला आपल्या आईनं तीन तास दिले होते. रात्री जेवताना ती अव्वाकडं बघत होती. अव्वा, शांतम्मा, नेहमीसारखीच भाकरी थापत होती. पण ताट उचलताना ती काहीतरी गुणगुणली. शिल्पानं तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

नांदेडला परतल्यावर सगळ्या मुलाखती एका कुलूपबंद कपाटातल्या डिस्कवर गेल्या. कपाटाची किल्ली शिल्पाकडं. तिन्ही विभागांची माहिती दर शनिवारी दुसरीकडं उतरवून ठेवायचं काम ती दोन वर्षं करत होती, कारण संगणकातलं तिला बरं कळे. पहिले दोन शनिवार तिनं डोळे मिटल्यासारखं काम उरकलं. तिसऱ्या शनिवारी सगळे जेवायला गेले होते. एकशे सतरा. दोन तास पन्नास मिनिटं. तिनं कानांना हेडफोन लावला.

"नाव? माझं सांगू का लेकरांचं?" अव्वाचा आवाज आला.

"तुम्हाला वाटेल ते," विशाखा म्हणाली.

लांब कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती. आणि मग अव्वा म्हणाली, "महानंदा." सांगितल्यासारखं नाही. अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला हाक मारावी, तसं.

शिल्पानं बटण दाबून ते बंद केलं. बावीस सेकंद झाले होते. पुढं ऐकायचं तिचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी विशाखा खोलीत मेथी निवडत बसली होती. शिल्पानं दारातूनच सांगून टाकलं. विशाखाचे हात थांबले.

"बावीस सेकंद," शिल्पा पुन्हा म्हणाली.

"दोन असते तरी तेच, गं." विशाखाचा आवाज चढला नाही, पण तो परक्यासारखा झाला. "त्या बाईनं माझ्यावर इश्वास ठेवला. तुझी आई नंतर, माझ्यासाठी ती एकशे सतरा हाय. मला सरांना सांगावं लागंल."

"मीच सांगते."

सोमवारी तिनं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, किल्ली मागून घेतली आणि नोंदवहीत चार ओळी लिहून तिची सही घेतली. ते ओरडले नाहीत, हे शिल्पाला जास्त लागलं.

"आता घरी जा," ते म्हणाले. "जे केलंस ते त्यांना सांग. त्यांना नको असेल तर आपण मुलाखत पुसून टाकू. हा संमतीचा कागद. यावर त्या म्हणतील तसं."

लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिथून औसा, आणि औशाहून गावाला जीप. आप्पा शेतात गेले होते. अव्वा अंगणात तूर पाखडत होती. आठवड्याच्या मधल्याच दिवशी पोरगी आलेली बघून तिनं आधी कपाळाला हात लावून ताप बघितला.

"ताप न्हाई, अव्वा. मी तुझं बोलणं ऐकलं. चोरून. मशिनीतलं."

सूप थांबलं. "कुठवर?"

"तिचं नाव घेतलंस, तिथवर."

"पुढलं न्हाई?"

"न्हाई." शिल्पानं कागद काढला. "माझी चूक झाली. तुला नको असंल तर सर सगळं पुसून टाकतो म्हणलेत."

"पुसायचं न्हाई!" अव्वा एवढ्या मोठ्यानं बोलली की केवळाबाईंनी भिंतीवरून डोकावून बघितलं. अव्वानं आवाज खाली घेतला. "एवढ्या वर्सांनी खरं सांगितलंय. कुठं सही करायची ती दाव."

तिनं पेन मुठीत धरून सावकाश सही केली. मग कागद परत देताना तिनं तो लगेच सोडला नाही.

"पुढलं मीच सांगते. दुसऱ्याच्या मशिनीतनं नको कळाय." तिनं पदर सावरला. "लेकरं गेली तवा माझं बंदीचं ऑपरेशन झालेलं होतं. मग सरकारनं शिबिर घेतलं, नळ्या परत जोडायचं. तुझ्या आप्पानं, सासऱ्यानं, सगळ्यांनी ठरवलं. मला कुणी इचारलं न्हाई. तू झालीस, आन् दोन महिन्यांनी एक बाई आली फाइल घेऊन. म्हणली, ऑपरेशनचं समाधान हाय का? हाव, न्हाई, सांगता येत न्हाई. मी हाव म्हणलं. तिनं खूण केली आन् गेली."

"मग?"

"ते खोटं होतं, शिल्पा. मला दुसरं लेकरू नको होतं. मला तीच दोघं पाहिजे होती." ती तुरीच्या दाण्यांकडं बघत होती. "तुला पाजताना मी भिंतीकडं तोंड करून बसायची. लोकं म्हणायचे, शांतम्माला देवानं परत दिलं. मला काय परत दिलं नव्हतं. विशाखाला म्हणलं, आधी तेवढं दुरुस्त करून घे. कुठं लिवलं असंल त्या बाईनं हाव म्हणून, तिथं न्हाई लिव."

शिल्पाला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं. किंवा दुखणं अजून पोचायचं होतं. शेवटी तिनं विचारलं, "मग मी तुला कधी हवीशी झाले?"

अव्वानं पोरीचं मन राखायला लगेच उत्तर दिलं नाही. तिनं खरोखर आठवून बघितलं.

"दीस सांगता यायचा न्हाई. दोन वर्साची असशील. गोवर आला होता तुला, अंग नुसतं भट्टीसारखं. तवा मी देवाला म्हणलं, हिला नको नेऊ. म्हणलं आन् माझं मलाच नवल वाटलं."

शिल्पा रडली ती यावर. अव्वानं तिला जवळ ओढलं नाही. नुसता हात तिच्या पाठीवर ठेवून दिला, आणि तो बराच वेळ तिथंच होता.

ऊन कलल्यावर अव्वा म्हणाली, "चल, जुन्या गावाकडं जाऊ." ती त्या बाजूला कधी जात नसे. शेतातला उशिरा पेरलेला हरभरा आता जुन्या गावठाणाच्या दगडांपर्यंत आला होता. मधूनमधून बाभळी, एखाद्या भिंतीचा पाया. अव्वा मारुतीच्या उघड्या चौथऱ्यापाशी उभी राहिली, हातानं काहीतरी मोजलं आणि चालत सुटली. एका बाभळीखाली थांबली. "हितं उंबरा." मग मान हलवली. चार पावलं मागं गेली. "न्हाई. हितं आड होता. मग उंबरा तिकडं असंल." तिकडं जाऊनही ती पुन्हा सरकलीच.

शिल्पाच्या मोबाइलमध्ये गावठाणाचा जुना नकाशा होता. मोजमापं होती. "अव्वा, मी शोधून देऊ? पाच मिनिटं लागतील. नेमकी जागा."

अव्वानं तिच्याकडं बघितलं. "नको. नेमकी सापडली तर मी तिथनं उठायची न्हाई."

शिल्पानं मोबाइल पर्समध्ये टाकला. दोघी बांधावर बसल्या. अव्वा बसल्या जागी वाकून हरभऱ्याचे शेंडे खुडायला लागली, ओच्यात टाकायला लागली, आणि खुडता खुडता न विचारता बोलत राहिली. महानंदाला र म्हणता यायचा नाही. हरभऱ्याला ती हलभला म्हणायची. शेंड्यांची आंबट आंब बोटांना लागली की चाटत बसायची, कितीही मारलं तरी. बसूला काखेत मारून गावभर हिंडायची आणि तो जड झाला की कुणाच्याही दारात ठेवून यायची.

"आणि बसू?" शिल्पानं विचारलं.

"बसूचं मला न्हाई गं बोलता येत."

ओटी भरली तेव्हा दोघी उठल्या. अव्वा पुढं, शिल्पा मागं. पायवाटेनं येताना शिल्पा तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होती. हलभला. तिच्या तोंडून तो मोठ्या बाईनं काढलेल्या बोबड्या बोलासारखाच येत होता. सहा वर्षांच्या पोरीनं म्हटल्यावर तो कसा लागत असेल, ते काही केल्या तिला ऐकू येईना.