करडईच्या तेलावरची मोटार

उतरणीच्या गं वाटंला, गाडीवाना हळू हाक,
आत बसली माझी मैना, तिच्या जिवाचा मला धाक.

बायडाबाई जात्यावर बसली की पहिल्या मुठीबरोबर ही ओवी यायची. चिमाजी तेव्हा पाच-सहा वर्षांचा. वाकळेत तोंड खुपसून तो ती ऐकायचा आणि दाण्यांच्या घरघरीत त्याला गाडीची चाकं दिसायची. जुन्नरच्या मावळतीला, डोंगराच्या मांडीवर भातखाचरं पायरीपायरीनं बसलेली आहेत, तिथं त्यांची वाडी. बाप भाताची पोती गाडीत घालून बाजाराला उतरायचा. एका मार्गशीर्षात उतारावर चाकांचा कणा मोडला, गाडी बैलांच्या अंगावर गेली आणि बाप गाडीखाली गेला. त्यानंतर बायडाबाईनं सगळ्या ओव्या म्हटल्या, तेवढी एक म्हटली नाही. पण चिमाजीच्या कानात राहिली ती तेवढीच.

पुढं तो जर्मनच्या लढाईवर गेला, बसऱ्याला मोटार हाकायला शिकला आणि हातपाय शाबूत घेऊन परत आला. लढाई संपून तीन वर्षं झाली होती. जुन्नरच्या पेठेतल्या रूपचंद शेठनं मोटार घेतली आणि चिमाजीला ड्रायव्हर ठेवलं.

त्या मोटारीसारखी दुसरी मोटार साऱ्या तालुक्यात नव्हती. सांगाडा एका विलायतेला परतलेल्या साहेबाच्या हलक्या गाडीचा आणि इंजिन लष्कराच्या लिलावातल्या मालमोटारीचं. दोघांची सोयरीक जुळवली पुण्याच्या सावळेराम मिस्त्रीनं. गाडी ताब्यात देताना तो म्हणाला होता, "शेठ, हरणाच्या छातीत रेड्याचं काळीज घातलंय. पळंल, पण या पेटीला जपा."

पेटी म्हणजे गिअरची पेटी. इंजिनाचा जोर चाकांकडं जातो तो हिच्यातून, आणि हिच्या पोटात पोलादी दात्यांची चक्रं एकमेकांत दात रोवून फिरतात. "इंजिन मोठं, पेटी धाकटी," मिस्त्री चिमाजीकडं वळून म्हणाला, "म्हणून हे दाट वंगण गळ्यापर्यंत भरून ठेवायचं. वंगण असंल तवर दाते एकमेकांना खाणार न्हाईत." आणि त्यानं पिवळट वंगणाचे चार डबे मोटारीत ठेवले.

पहिला महिना मोटार वाऱ्यासारखी पळाली. मग एका सकाळी शेठची आई, भंवरीबाई, मोटार उभी असायची त्या तबेल्यात आली. घरातली सगळी तिला नुसतं बाई म्हणत, आणि चिमाजीही बाईच म्हणे. पाणी उकळून, गाळून पिणारी, दिवस मावळल्यावर तोंडात शितही न घालणारी, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर पदर सावरून वळसा घेणारी बाई. ती डब्यापाशी थांबली, वाकली आणि तिनं नाकाला पदर लावला.

"चिमाजी, ह्यात काय आहे?"

चिमाजीला खोटं बोलता आलं नाही. बसऱ्याला त्यानं असले डबे शेकड्यानं उघडले होते. "चरबी हाय बाई. जनावराची. ती कढवून, घोटून करत्यात."

बाई दोन पावलं मागं सरली. मग म्हणाली, "तुझा बाप गाडीच्या कण्याला काय घालायचा?"

"करडईचं तेल."

"मग हिलाही तेच घाल. घाण्यावरचं ताजं तेल मी देत जाईन. रूपचंदला कळायला नको. तो हसेल, आणि माझं ऐकायचाही नाही."

मिस्त्रीचे शब्द चिमाजीच्या जिभेवर आले होते. पण त्याच वर्षी श्रावणात गोजरबाई, त्याची बायको, दोन दिवस अडली होती तेव्हा ह्याच बाईनं मंचरहून सुईण आणवली होती आणि स्वतः उंबऱ्यात बसून राहिली होती. पोरगी जन्मली, जगली. बाईनं त्याची आठवण कधी काढली नाही. म्हणूनच चिमाजीला नाही म्हणता येईना. त्यानं कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला आणि कोणी मागितली नसताना शपथ घेतली, "पेटीत काय घातलं आन् कुणी घालायला लावलं, ते माझ्या तोंडून निघालं, तर खंडोबा माझ्या लेकीला बघून घेईल."

बाई दचकली. "असं लेकराचं नाव घेऊ नये रे," ती म्हणाली. पण भंडारा उचलून झाला होता.

त्यानं पेटीतलं वंगण काढून करडईचं तेल भरलं आणि चारही डबे उकिरड्यात पुरले.

पंधरा दिवसांनी राजुरीच्या वाटेवर पेटीतून कडकड आवाज आला आणि मोटार उभी राहिली. इंजिन गुरगुरत होतं, चाकं ढिम्म. शेवटी एका शेतकऱ्याची बैलजोडी लावून मोटार जुन्नरात आणली. पेठेच्या तोंडाशी टांगेवाला गेणभाऊ उभाच होता.

"शेठ, आता कशी पळती बघा," तो म्हणाला. "मी म्हनतच व्हतो, हिला बैलच पायजेत."

"तुझ्या घोड्याला विचार, बैलांच्या जागी हिला ओढायला तयार आहे का," रूपचंद म्हणाला, आणि सगळे हसले. चिमाजी मात्र हसला नाही.

पेटी उतरवून त्यानं ती घासलेटनं धुतली, आतून बाहेरून, तेलाचा ठिपका राहू दिला नाही, आणि मग पुण्याला पाठवली. सावळेराम मिस्त्रीची चिठ्ठी आली: दाते जळून निळे पडलेत, वंगण भरता का नाही? शेठनं चिठ्ठी वाचून चिमाजीकडं पाहिलं. "भरतोस ना?"

"भरतो शेठ," चिमाजी म्हणाला. भरत तर तो होताच.

नवी पेटी बसली. डबे आले, उकिरड्यात गेले. पौषात बोरी बुद्रुकच्या चढावर ती पेटी गेली. चढावर जोर लावला, आत काहीतरी फुटलं आणि मोटार मागं सरकू लागली. खाली कुकडीचं पात्र. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि तेही कुरकुरत घसरत होते. चिमाजीनं चाक वळवून मोटारीचं बूड बांधावर घातलं, तेव्हा ती थांबली. शेठनं खाली उतरून धोतर झटकलं आणि तो म्हणाला, "इंजिनच दांडगं झालंय हो." सगळी पेठ तेच म्हणत होती. मोठ्या इंजिनाला धाकटी पेटी पेलत नाही. चिमाजीला ते ऐकून बरं वाटायचं. एवढ्यावरच तो झोपायचा.

पण झोप पहिल्यासारखी लागेना. पाळण्यातल्या पोरीला साधी शिंक आली तरी तो उठून बसे. ही दुसरी पेटी धुताना तिच्या तळाशी त्याला दिसलं होतं: पातळ तेल सांध्यासांध्यातून गळून गेलेलं, आणि वरचे दाते कोरडे, करपलेले. तो बाईकडं गेला.

"बाई, तेल ऱ्हात न्हाई आत. गळतं."

"मग जास्त ओत," बाई म्हणाली. तिला पेटीतलं काय कळणार? "सगळे तर इंजिनाला दोष देतात, चिमाजी."

"सगळ्यांनी पेटी बघितली न्हाई, बाई."

तिनं नजर वळवली. तिसरी पेटी बसली तेव्हा त्यानं दुप्पट तेल ओतलं.

माघात शेठची लेक सज्जनबाई बाळंतपण आटोपून सासरी निघाली. सासर घोडेगावला. दीड महिन्याचा मुलगा, सासरची माणसं नातवाला ओवाळायला दुपारी वाट पाहत बसणार. शेठ निघाला, भंवरीबाई निघाली, मागच्या बाकावर सज्जनबाई दुपट्यात बाळ घेऊन बसली. जुन्नर आणि घोडेगावच्या मध्ये डोंगराची रांग आहे. खिंडीपर्यंत चढ, आणि तिथून पलीकडं मुरमाचा उतार. वळणांवर एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही.

सकाळीच चिमाजी म्हणाला होता, "शेठ, टांगा करूया. गेणभाऊ रिकामा हाय."

"मोटार दारात ठेवून टांग्यानं गेलो तर व्याही काय म्हणतील?" शेठ म्हणाला. "आणि गेणभाऊ जन्मभर सांगत सुटेल ते वेगळंच."

चढ सुरू झाला तसं चिमाजीनं खालचा गिअर टाकला. पेटीतून एक आवाज येऊ लागला. आधी गुणगुणल्यासारखा. मग वळणागणिक चढत गेला, बारीक, धारदार, जणू कोणी पत्र्यावर नख ओढतंय. गिअरचा दांडा त्याच्या हातात थरथरत होता. पायाखालच्या फळीतून ऊब लागायला लागली, मग चटका. करपलेल्या तेलाचा वास आला. फोडणी जळल्यासारखा. मागं बाळ रडायला लागलं आणि सज्जनबाई त्याला थोपटू लागली. आरशात चिमाजीला भंवरीबाईचा चेहरा दिसला. तिलाही वास आला होता. तिचे ओठ नवकाराचा जप करत होते.

खिंडीच्या माथ्यावर त्यानं मोटार उभी केली, चाकांना दगड लावले आणि खाली वाकून पाहिलं. ज्या वाटेनं आले त्या वाटेवर, पार खालच्या वळणापर्यंत, काळ्या थेंबांची ओळ लागली होती. पेटीवर हात ठेवायला गेला तर ठेववेना.

"काय झालं?" शेठ म्हणाला.

"सगळ्यांनी उतरा. पायी खाली जाऊ. मी मोटार हितंच ठेवतो."

"ओल्या बाळंतिणीला कोसभर पायी चालवू?"

"शेठ, उतारावर मोटार गिअरवरच धरावी लागती. पेटी फुटली तर एकटा ब्रेक धरणार न्हाई."

"चढावर फुटली नाही ती उतारावर फुटेल? उतारावर तिला काम काय?"

"उतारावरच लई काम हाय, शेठ. सारं वजन दात्यांवर येतं."

रूपचंद हसला. राग आला की तो असाच हसे. "बसऱ्याला तोफांखालून मोटार हाकली म्हणून सांगतोस, आणि खिंडीत अवसान गळालं?"

"गळालं," चिमाजी म्हणाला.

शेठला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. मग धोतराचा सोगा खोचून त्यानं चिमाजीला बाजूला सारलं. "सरक. मला येते हाकता. सपाटीवर दहादा हाकली आहे."

तो चाकामागं बसला. चिमाजी दारापाशी उभा राहिला. खाली वळणावर उन्हात मुरूम चमकत होता, आणि वळणापलीकडं नुसतं आकाश होतं. सज्जनबाईनं बाळाला अंगाशी घेऊन पदर घट्ट केला. शेठनं दांडा ओढला. पेटीत दाते एकमेकांवर आपटले, लागले नाहीत. त्यानं पुन्हा ओढला. लागले.

"चाकांचे दगड काढ," शेठ म्हणाला.

चिमाजी वाकला. दगडाला हात लावला. त्याच्या डोळ्यांपुढं पाळणा आला, त्यातली पोरगी, तिच्या टाळूवर आज सकाळीच गोजरबाईनं लावलेलं तेल. तोंड उघडलं तर तिचं काय होईल? आणि नाही उघडलं तर ह्या दुपट्यातल्याचं? कमरेची पिशवी त्याला निखाऱ्यासारखी लागली. तो दगड तसाच ठेवून उठला आणि त्यानं दोन्ही हातांनी दार धरलं.

"पेटीत वंगण न्हाई शेठ. करडईचं तेल हाय. तिन्ही बारी तेच व्हतं. डबे मी उकिरड्यात पुरले. इंजिनाचा दोष न्हाई. दोष माझा हाय."

इंजिन चालूच होतं. शेठनं ते बंद केलं, तेव्हा खिंडीतला वारा ऐकू आला.

"पुरलेस?" शेठ हळू म्हणाला. "की विकलेस?"

"पुरले. चला, दावतो."

"कशासाठी? तीन पेट्या, चिमाजी. बोरीच्या चढावर मी होतो मोटारीत. आज माझी लेक आहे. तुझं माझं वैर काय?"

अर्धी शपथ मोडली होती, उरलेली अर्धी चिमाजीनं दातांखाली धरून ठेवली. दार त्यानं सोडलं नाही.

"बोल. नाहीतर पोलीसपाटलापुढं बोलशील."

"न्या तिकडं," चिमाजी म्हणाला. "पर आदी समदी खाली उतरा."

"रूपचंद," मागून आवाज आला.

भंवरीबाई मोटारीतून उतरत होती. एका हातानं तिनं सज्जनबाईचा हात धरला, तिला बाळासकट खाली उतरवलं, दगडांपलीकडं नेऊन उभं केलं. मग ती परत आली, चिमाजीच्या शेजारी, दारापाशी.

"त्याला विचारू नकोस. तेल मी दिलं. घाण्यावरून मी आणवलं, त्याच्या हातानं मी ओतवलं. तो मला सांगायला आला होता, गळतं म्हणून. मी ऐकलं नाही."

"बाई, तुम्ही?" शेठ चाकावरचे हात काढून म्हणाला. "पण का? मला विचारायचं तरी."

"विचारलं होतं रे. मोटार आली त्याच दिवशी विचारलं होतं, डब्यात काय आहे म्हणून. तू म्हणालास, जमिनीतलं तेल आहे, बाई, निर्धास्त बसा. मला वास तेव्हाच आला होता. तू खोटं बोलतोस हे मला कळलं, आणि पोराला तोंडावर खोटं कसं म्हणायचं म्हणून मी गप्प बसले."