कोरडा बंब

तोटी पितळेची, मुठीत मावेल एवढीशी. नयनाने ती फिरवली, बादली खाली सरकवली, आणि पाणी आलंच नाही. नुसता तापलेल्या तांब्याचा वास... कोळसे लालभडक पेटलेले, आणि बंबात पाण्याचा टिपूस नव्हता.

तिने घाईने पाणी ओतलं नाही. तापलेल्या भांड्यात गार पाणी गेलं तर सांध्यांचा डाख सुटतो, हे तिच्या नवऱ्याने, पद्माकरांनीच तिला शिकवलं होतं. खालची जाळी ओढून तिने निखारे घमेल्यात पाडले आणि तळघराच्या पायरीवर बसली. मन नवल वाटावं इतकं शांत होतं.

हा बंब म्हणजे नवऱ्याचं निवृत्तीनंतरचं खूळ. सरकारी कारखान्यात उभी नोकरी बॉयलरपाशी काढलेला माणूस — येलहंक्यातल्या जुन्या सामानाच्या दुकानात कुणीतरी टाकलेला बंब दिसला, तो हरखून घरी आणला, तळघरात बसवला, धुराडं खिडकीबाहेर काढलं, आणि तांब्याची नळी वर झोपायच्या खोलीच्या भिंतीतून फिरवली. गरम पाणी आपोआप वर चढतं, निवून खाली येतं. पंप नको, वीज नको. डिसेंबरात नयनाचे गुडघे धरतात, म्हणून हा सगळा खटाटोप. शेजारची रम्या हसायची, "अंकल, बेंगळुरात कोण घर तापवतं?" पण भिंत कोमट व्हायची खरी. तिला पाठ टेकून नयना चहा प्यायची, आणि तिला वाटायचं, या माणसाने कधी धड एक साडी आणली नाही, पण ही भिंत...

काल संध्याकाळी बंब त्यांनीच रिकामा केला होता. चिंचेने घासायला. नयनानेच बादल्या धरल्या होत्या. घासून झाल्यावर म्हणाले, "सकाळी आधी पाणी, मग विस्तव." हे तर ते झोपेतसुद्धा सांगतील. आणि सकाळी उठून विस्तव तेवढा घातला.

दुपारी क्षितिज येणार होता, सर्जापूर रोडवरून. मागे पद्माकर बाजारातून येताना घराची गल्ली चुकले, तेव्हाच तो म्हणाला होता, "आई, अजून एकदा असं काही झालं ना, तर मी तुम्हाला इकडे शिफ्ट करतोय. नो डिस्कशन." पोराचं चुकतं असंही नाही. पण त्याच्या फ्लॅटमध्ये सगळं बटणावर चालतं, आणि पद्माकर तिथे दिवसभर सोफ्याच्या कडेला बसून असतात, परक्या घरी आल्यासारखे.

जिन्यावर चपला वाजल्या.

"अगं नयना, वर भिंत अजून गारच आहे. काय झालं?"

त्यांनी निखारे पाहिले, मग बंब पाहिला. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं... ते तिला बघवेना.

"पाणीच नव्हतं हो आत. काल मी काढून टाकलं सगळं, तुम्हाला सांगायचं राहिलं."

"तू?"

"हो. चुकलंच माझं."

मग ते असे बरसले! बंब म्हणजे काय खेळणं वाटलं, तळ गेला असता, इतकी वर्षं बॉयलर इंजिनियरच्या घरात काढून एवढं कळू नये? आवाज अगदी पूर्वीचा, खणखणीत. मान खाली घालून ती ऐकत राहिली, आणि तिला फार बरं वाटलं. सुटलो, वाटलं. क्षितिजला सांगायचं कारण नाही.

"सरी, बरं, जाऊ दे आता," ते निवत म्हणाले. "स्वल्प थांबू, गार झाला की भरू. होतं असं माणसाचं."

होतं असं... हा माणूस — दूध उतू गेलं नाही म्हटलं तर शेगडी वाकून बघणारा. उभ्या संसारात तिची एक थाप याने पचू दिली नव्हती. आणि काल संध्याकाळ जशी झालीच नाही, तसा तो तिच्या एका शब्दावर थांबला होता. म्हणजे सगळं पुसलं गेलंय? की त्यांना पक्कं आठवतंय, आणि तिने पुढे केलेलं खोटं त्यांनी मुकाट्याने घेतलं, तिच्यासाठी, किंवा स्वतःच्याच भीतीने?

पद्माकर वाकून राख भरू लागले होते. या दोहोंपैकी एक खरं नसावं, असं नयना मनात मागायला गेली; पण कोणतं, ते तिला ठरवता येईना.